मुंबई ते पणजी, सात दिवस: स्वतःच्या होडीने जाताना मुक्काम कसे ठरवायचे

कोकण किनाऱ्याने होडी घेऊन जायचं ठरलं की आधी नकाशा उघडला जातो आणि बोट आपोआप जंजिरा, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग या नावांवर पडतं. पहिल्या खेपेला मीही तेच केलं. एकेका जलदुर्गासमोर एकेक रात्र असं छान वेळापत्रक कागदावर उतरवलं. मालवणला पोचलो तेव्हा सूर्य बुडाला होता. समोर किल्ल्याची काळी रेघ, आजूबाजूला खडकांवर फुटणारं पांढरं पाणी, आणि आत शिरायची वाट कुठे ते कळेना. ती रात्र बाहेर, खोल पाण्यात डुलत काढली. सकाळी एक तांडेल, म्हणजे मच्छीमार होडीचा म्होरक्या, शेजारून गेला. त्याला सांगितलं तर म्हणाला, "रातचे हयसून आमीपण येणव नाय."

त्या रात्री एक गोष्ट डोक्यात बसली. या किनाऱ्यावर किल्ले दोन जातींचे आहेत. एक खाडीच्या तोंडावरचे: कोर्लई, बाणकोट, अंजनवेलचा गोपाळगड, जयगड, विजयदुर्ग. आतल्या बंदरावर राखण ठेवायला ते बांधले, म्हणजे तिथे आत आसरा आहेच. दुसरे बेटांवरचे: खांदेरी, जंजिरा, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग. तिथे कोणाला सहज येता येऊ नये म्हणूनच ती जागा निवडली. साडेतीनशे वर्षांपूर्वी शत्रूच्या गलबताला जे अवघड होतं, ते तुमच्या होडीलाही अवघडच आहे. म्हणून मुक्काम पहिल्या जातीच्या किल्ल्यापाशी करायचा आणि दुसऱ्या जातीचा किल्ला दिवसा, स्थानिक होडीतून बघायचा. पुढची सगळी आखणी या एका नियमावर उभी आहे, अपवाद फक्त मालवणचा.

माझी होडी तीस फुटी, शिडाची, आत डिझेल इंजिन, पाण्याखाली दीड मीटर. सरासरी वेग ५ नॉट, म्हणजे तासाला ५ सागरी मैल. तुमची होडी वेगळी असेल तर आकडे बदला, रीत तीच राहील.

आधी ऋतू, मग पंचांग

डिसेंबर ते फेब्रुवारी. यावर मी वाद घालत नाही. जून-जुलैमध्ये मासेमारीलाही बंदी असते आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय कोळी दर्यात जात नाहीत, ते उगाच नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. अंतर होतं जेमतेम काही तासांचं. पावसाळा संपला म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही लगेच निघू नये. अरबी समुद्रातली वादळं याच काळात येतात; 'फयान' नोव्हेंबर २००९ मध्ये कोकणावरून गेलं. मे महिनाही तसाच: 'तौक्ते' मे २०२१, आणि त्याआधी 'निसर्ग' ३ जून २०२०.

हिवाळ्यात वाऱ्याचं घड्याळ साधारण ठरलेलं असतं. पहाटेपासून दहा-अकरापर्यंत जमिनीवरून मतलई वारा, समुद्र तेलासारखा. दुपारी वारा पडतो, मग वायव्येकडून खारा वारा उठतो आणि चार-पाच वाजेपर्यंत जोर धरतो. दक्षिणेला जाणाऱ्याला हा वारा पाठीवर मिळतो. म्हणून मुंबईहून गोव्याला जा. गोव्याहून मुंबईला यायचं असेल तर त्याचं वेगळं गणित आहे, ते शेवटी सांगतो.

आता पंचांग. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे कोकणातल्या कोणत्याही आजोबांना विचारा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन: पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. रोज ती साधारण पाऊण तास पुढे सरकते. हा अंदाज आहे. दक्षिणेकडे भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते आणि दिवसातल्या दोन भरत्यांची उंचीही सारखी नसते. त्यामुळे शेवटचा शब्द भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकाचा. पण आठवडा कोणता निवडायचा, हे तिथीवरून झटकन ठरतं.

आपल्याला दोन गोष्टी हव्यात. सकाळी साडेसहाला खाडीतून बाहेर पडताना पाणी ओसरत असावं, म्हणजे तेच आपल्याला बाहेर नेतं. दुपारी तीन-चारला नव्या खाडीत शिरताना पाणी चढत असावं, म्हणजे वाळूवर टेकलोच तर पुढची लाट उचलेल. चतुर्थीला निघालात तर पहिले चार दिवस भरती अनुक्रमे तीन, पावणेचार, साडेचार आणि सव्वापाचला पडते. दोन्ही गोष्टी जुळतात. त्यातही शुद्ध पक्षातली चतुर्थी घ्या. संध्याकाळी डोक्यावर चंद्र असतो, आणि नांगर टाकायला उशीर झालाच तर तो उजेड फार उपयोगी पडतो. शिवाय आठवड्याच्या मध्यावर भांगाची भरती असते, म्हणजे पाण्याची चढ-उतार कमी. उधाणासारखी ओढ नसते.

अंतर मोजायची सोपी युक्ती

हा किनारा जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण आहे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. त्यामुळे दोन बंदरांचे अक्षांश वजा केले की अंतर हातात येतं. वळणासाठी दोन-चार मैल वर धरायचे.

मुंबई १८°५५′, जंजिरा १८°१८′, बाणकोट १७°५९′, हर्णे १७°४९′, दाभोळ १७°३५′, जयगड १७°१८′, रत्नागिरी १६°५९′, विजयदुर्ग १६°३३′, देवगड १६°२३′, मालवण १६°०३′, वेंगुर्ला १५°५१′, आग्वाद १५°२९′.

हिवाळ्यात उजेड अकरा तासांचा. निघायला-पोचायला एकेक तास सोडला तर नऊ तास उरतात, म्हणजे ५ नॉटने ४५ मैल. त्याहून लांब टप्पा आखायचाच नाही. आणि प्रत्येक टप्प्याच्या मध्ये एक पर्यायी बंदर वहीत लिहून ठेवायचं, त्यासमोर वेळ लिहायची: "इतक्या वाजेपर्यंत इथवर आलो नाही तर आत वळायचं." ही वेळ घरी, टेबलावर बसून ठरवा. भर समुद्रात 'अजून थोडं जाऊ' असंच वाटत असतं.

रात्री चालू नका. अंधाराची भीती म्हणून नव्हे, जाळ्यांसाठी सांगतो. थर्माकोलचे तुकडे आणि प्लास्टिकचे रिकामे कॅन बांधलेली जाळी मैलोन् मैल पसरलेली असतात, त्यांवर दिवा असेलच असं नाही. पंख्यात दोर अडकला की इंजिन गेलं. दिवसाही एक माणूस पुढे नाळेवर बसवा. अडकलंच तर जाळं कापायची घाई करू नका. आसपासच्या होडीला हात करा. ते जाळं कोणाचं तरी पोट असतं, आणि ते सोडवण्यात त्याचा हात तुमच्यापेक्षा सफाईदार असतो.

कागद आणि फोन

महाराष्ट्रातली ही लहान बंदरं महाराष्ट्र सागरी मंडळाच्या ताब्यात आहेत, आणि बंदर निरीक्षकाला आधी कळवणं हा निम्मा त्रास वाचवायचा मार्ग आहे. २६/११ नंतर अनोळखी होडीकडे किनाऱ्यावर संशयाने बघतात, आणि ते बरोबरच आहे. होडीची नोंदणी, विमा, सगळ्यांची ओळखपत्रं, माणसांच्या नावांची यादी आणि मुक्कामांचा तक्ता यांच्या सात-आठ प्रती काढा. प्रत्येक ठिकाणी बंदर कचेरीत एक आणि सागरी पोलिसांकडे एक द्या. गोव्यात हेच काम बंदर कप्तानाच्या कचेरीत होतं.

उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र परदेशातून आणलं असेल तर घरीच ठेवा. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. व्हीएचएफ रेडिओ चॅनल १६ वर लावून ठेवा. तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५५४, सागरी सुरक्षेसाठी पोलिसांचा १०९३. दोन्ही सुकाणूपाशी मोठ्या अक्षरांत चिकटवा. समुद्राचा अंदाज रोज सकाळी हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेच्या पानावर आणि हवामान खात्याच्या मच्छीमारांसाठीच्या इशाऱ्यात बघायचा. दोघांपैकी एकानेही 'जाऊ नका' म्हटलं तर त्या दिवशी पत्ते खेळायचे.

घरच्या एका माणसाकडे तक्त्याची प्रत ठेवा आणि त्याला नेमकं सांगा: रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं, दहापर्यंत आला नाही तर कोणाला फोन करायचा.

डिझेल, पाणी, नांगर

एकूण अंतर साधारण २१५ मैल. सगळं इंजिनावर गेलो तर ४३ तास. माझं इंजिन तासाला अडीच लिटर पितं, म्हणजे १०८ लिटर. त्यावर एक तृतीयांश राखीव धरून १४५ लिटर घेऊनच निघायचं. वाटेत मरीना नाही. बंदरावर दिसणारे डिझेल पंप बहुधा मच्छीमार सोसायटीचे आणि सभासदांसाठी असतात. तुम्हाला कॅन घेऊन रिक्षाने गावातल्या पंपावर जावं लागतं. पिण्याचं पाणी माणशी रोज ४ लिटर, आणि ते एका टाकीत न भरता वेगवेगळ्या कॅनमध्ये. एक कॅन खराब झाला तरी बाकीचं राहतं.

नांगराचं गणित लोक चुकतात ते भरती विसरल्यामुळे. समजा संध्याकाळी ओहोटीला खाली ४ मीटर पाणी आहे, भरतीला ते साडेतीन मीटरने वाढणार आणि नाळ पाण्यापासून १ मीटर उंच आहे. बेरीज साडेआठ. साखळी असेल तर त्याच्या पाचपट, म्हणजे ४२-४३ मीटर सोडायची. दोर असेल तर सातपट. चार मीटरला वीस मीटर सोडून झोपलात तर मध्यरात्री होडी हळूच चालू लागते. खाड्यांमध्ये तळाला चिखल असतो, नांगर छान धरतो. रात्री पांढरा दिवा वर लावायला विसरू नका, कारण कोळी पहाटे तीनलाच निघतात.

एकेक दिवस

*पहिला दिवस: मुंबई ते दिघी, ४२ मैल.* साडेसहाला गेटवेसमोरून निघा. बंदराच्या मुख्य वाटेने मोठी जहाजं जातात, ती थांबू शकत नाहीत. ती वाट काटकोनात आणि झटपट ओलांडा. खांदेरी-उंदेरीच्या बाहेरून जा. अलिबाग-चौलसमोर चौल कडूचे खडक आहेत, तिथेही बाहेरचीच वाट. पर्याय रेवदंडा: कुंडलिकेच्या तोंडावर, कोर्लईच्या डोंगराआड. साडेबारापर्यंत कोर्लई मागे पडली नाही तर आत वळा. नाहीतर तीन-साडेतीनला राजपुरी खाडीच्या तोंडावर याल. जंजिरा डाव्या हाताला, मध्येच. त्याच्या भिंतीजवळून जायचा मोह आवरा. आत दिघी-आगरदांडा दरम्यान पाणी खोल आहे. फेरीबोटीची आणि दिघी बंदराच्या जहाजांची वाट सोडून नांगर टाका. पहिल्या दिवशी अर्ध्या माणसांना बोट लागते. सकाळी तेलकट काही नको. आलेपाक, कोरडी पोळी आणि नजर क्षितिजावर.

*दुसरा दिवस: दिघी ते दाभोळ, ४४ मैल.* आठवड्यातला पहिला कसाचा दिवस. इथे दोन पर्याय आहेत: बाणकोट आणि हर्णे. बाणकोटला सावित्रीच्या तोंडावर वाळू आहे, पाणी चढत असतानाच जा, नाहीतर जाऊच नका. हर्णेला सुवर्णदुर्गाच्या आतल्या बाजूला नांगर टाकता येतो, पण जागा मासेमारी होड्यांनी गच्च भरलेली आणि दक्षिणेकडून उघडी. हवा अगदी शांत असेल तर हर्णेला थांबण्यात मजा आहे. संध्याकाळी वाळूवरच मासळीचा लिलाव चालतो, आणि ताजी सुरमई शहरातल्या भावाच्या मानाने फुकट वाटते. पण मी दाभोळपर्यंत जातो. वाशिष्ठीच्या तोंडावर वाळूचे पट्टे आहेत आणि ओसरतं पाणी बाहेरच्या लाटेला भिडलं की तिथे लाटा उभ्या राहतात. भरती पावणेचारला. तीन ते पावणेचार या वेळेत, नकाशावरच्या वाटेने, सूर्य पाठीशी ठेवून शिरा. (पश्चिम किनाऱ्यावर दुपारी पूर्वेकडे तोंड करून शिरण्याचा हा फायदा: डोळ्यांवर चमक येत नाही, पाण्याचा रंग वाचता येतो.) दक्षिणेला अंजनवेलजवळ एलएनजीचा धक्का आहे, त्यापासून लांब राहा.

*तिसरा दिवस: दाभोळ ते जयगड, १७ मैल.* मुद्दाम छोटा. सकाळी फेरीने धोपाव्याला जाऊन गोपाळगड बघता येतो, पण मग निघायला उशीर होतो. मी निघतोच आणि दुपार जयगडला लोळून काढतो. शास्त्रीच्या तोंडावर दक्षिणेला किल्ला, आत भरपूर पाणी, वायव्येचा वारा जवळजवळ लागत नाही. बाहेर मोठं बंदर आहे, जहाजं येतात, त्यांची वाट मोकळी ठेवा. डिझेल आणि पाणी इथे बघून घ्या, कारण उद्याचा टप्पा सर्वांत लांब.

*चौथा दिवस: जयगड ते विजयदुर्ग, ४६ मैल.* नऊ तासांच्या हिशेबापेक्षा मैलभर जास्त, म्हणून फटफटताच नांगर उचला. साडेअकरापर्यंत रत्नदुर्गाचा दीपस्तंभ मागे गेला नाही तर रत्नागिरीत, मिरकरवाड्याकडे वळा. तो मागे गेला तर पुढचे पर्याय पूर्णगड आणि जैतापूर. दोन्ही खाड्या अनोळख्या माणसाला अवघड, त्यामुळे रत्नागिरी हाच खरा निर्णयाचा बिंदू. एखाद्या वयस्क माणसाला विचारलंत तर तो सांगेल की मुंबईहून सुटणारी बोट जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी थांबत पणजीला जायची आणि माणसं-सामान पडावातून किनाऱ्याला लागायचं. तुमची यादी आणि ती यादी जवळपास एकच आहे, कारण आसरा जिथे आहे तिथेच आहे.

चारच्या सुमारास उजव्या हाताला विजयदुर्गाचे तिहेरी तट येतात. त्यांना वळसा घालून वाघोटण खाडीत शिरलात की वारा एकदम बंद होतो, जणू कोणी दार लावलं. माझ्या मते मुंबई आणि गोव्याच्या मधलं हे सर्वांत चांगलं बंदर.

*पाचवा दिवस: विजयदुर्ग, मुक्काम.* हा दिवस कापू नका. हाच तुमचा राखीव दिवस आहे. आधी कुठे हवेने अडवलं असेल तर तो तिथेच खर्च झालेला असतो. शिल्लक असेल तर किल्ला नीट फिरा. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार तुमच्या या वाटेवर आहेत, आणि त्यांतला हा एकच असा की ज्याच्या पायाशी होडी निवांत झोपते. इंजिनाचं तेल, पंख्याभोवतीचा दोर, नांगराच्या साखळीच्या कड्या, सगळं आज तपासा.

*सहावा दिवस: विजयदुर्ग ते मालवण, ३१ मैल.* देवगड फक्त दहा मैलांवर, आडोशाचं बंदर. हवेची शंका असेल तर तिथेच थांबा आणि मालवण सोडून द्या. जायचंच असेल तर दोन अटी. एक, आदल्या दिवशी फोन करून मालवणातला एखादा तांडेल ठरवा; तो बाहेर येऊन पुढे चालेल, तुम्ही त्याच्या मागे, अगदी हळू. दोन, वेळ दुपारी एकची. नवमीला साडेबाराच्या सुमारास ओहोटी संपते. इथे उलटा नियम लागतो: पाणी कमी असताना खडक डोकं वर काढतात, दिसतात, आणि टेकलोच तर पाणी चढणारच असतं. नांगर तांडेल दाखवेल तिथेच, वाळूवर. १९८७ पासून हा सागरी अभयारण्याचा भाग आहे, प्रवाळांवर नांगर टाकू नये. संध्याकाळी वायव्येचा वारा वाढताना दिसला तरी मालवणी जेवणाचा बेत सोडून उजेडात देवगडला परत पोचणं अशक्य आहे हे ध्यानात ठेवा. म्हणून निर्णय सकाळी देवगडसमोरच घ्यायचा.

*सातवा दिवस: मालवण ते पणजी, ३६ मैल.* निवतीसमोरचे खडक आणि वेंगुर्ल्याचे दीपस्तंभाचे खडक दिवसाउजेडी, नकाशावर आखलेल्या रेषेनेच पार करा. वेंगुर्ला हा पर्याय. दोनच्या आसपास आग्वादला याल. दशमीला तेव्हा ओहोटी नुकतीच संपलेली असते. मांडवीच्या तोंडावरही वाळू आहे, पावसाळ्यात तर ती वाट बंदच असते. आग्वादच्या डोंगराच्या दक्षिणेला वायव्येचा वारा अडतो. तिथे नांगर टाकून जेवून घ्या, चारला चढत्या पाण्याबरोबर पणजीत शिरा.

परत येताना

तोच वायव्येचा वारा आता तोंडावर. शिडावर येऊ म्हणाल तर सात दिवसांचे बारा होतात. पहाटे उजाडता उजाडता निघून मतलईवर आणि इंजिनावर साडेअकरापर्यंत चालायचं आणि खारा वारा उठायच्या आत मुक्कामाला लागायचं, रोज २५ मैलांच्या वर नाही. म्हणजे नऊ-दहा दिवस, आणि डिझेल जाताना लागलं त्याच्या दीडपट धरा. तेवढी रजा नसेल तर होडी गोव्यात विश्वासू माणसाकडे ठेवा, करमळीहून रेल्वेने घरी या आणि परतीसाठी पुढच्या महिन्याचं पंचांग बघा. परतीच्या वाटेवर मात्र चतुर्थीचा उपयोग नाही: सकाळी अकराला खाडीत शिरताना पाणी चढतं हवं, म्हणजे भरती बाराच्या आसपास हवी. तिथे प्रतिपदा-द्वितीयेचा हिशेब मांडावा लागतो.